ज्या रोज्याला मगरिब नाही

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एक निकाह होता. दस्तरखानावर माझ्यासमोर बसलेल्या चाचांनी माझ्याकडे दोनदा निरखून पाहिलं आणि विचारलं, "क्या मास्तर, बीमार पडे थे क्या? मुँ उतर गया तुमारा."

मी म्हटलं, "नहीं चाचा, वजन उतरा है."

त्यांना यातला फरक काही पटला नाही. त्यांनी माझ्या ताटात बिर्याणी वाढायला हात पुढे केला, मी ताटावर हात आडवा धरला. "थोडी तो लेव जी, एक दिन से क्या होता?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. तेवढ्यात पलीकडे बसलेल्या आठवी-नववीतल्या एका मुलानं मान पुढे काढून विचारलं, "सर, 'नीलकोट'चा तिसरा भाग कधी येणार?"

गेली दोन वर्षं माणसं मला हे दोनच प्रश्न विचारतात. वजन किती उतरलं? आणि पुढचं पुस्तक कधी? पहिला प्रश्न नातेवाईक विचारतात, दुसरा मुलं. दोन्ही प्रश्नांना मी हसून बगल देत आलो. आता मात्र हिशेब द्यायची वेळ झाली आहे आणि दोन्ही हिशेब एकाच वहीत आहेत.

मी मिरजेचा. एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवून निवृत्त झालो. लिहितो अद्भुतकथा. जादूगार, अय्यार, बोलणारे पक्षी, भिंतीत उघडणारे दरवाजे असा सगळा माझा माल. आपल्या लेखक मित्रांनी दंगली पाहिल्या, तलाकचे अर्ज पाहिले, यंत्रमागावर झिजलेली माणसं पाहिली आणि त्यांवर लिहिलं. त्यांच्या पंगतीत मी जिन्न आणि पऱ्या घेऊन बसतो. संमेलनाच्या मांडवात कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतोच, "वास्तव सोडून हे काय लिहिताय?" मी म्हणतो, माझ्या अम्मीनं मला दिलेलं वास्तव हेच आहे.

अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाजल्यावर पडून ती आम्हाला दखनीत हातिमताई सांगायची. कोल्हीण वाटेत आडवी आली की अम्मीचा आवाज बदलायचा. मोठा झाल्यावर कळलं, की हैदरबख्श हैदरीनं फोर्ट विल्यम कॉलेजसाठी उर्दूत लिहिलेल्या 'आराइश-ए-महफिल'मधून ही गोष्ट कितीतरी घरांत गेली आणि कानोकानी तिच्यापर्यंत पोचली. पुढे शाळेच्या ग्रंथालयात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हाती आल्या. अब्बांनी उर्दू शिकवली, तेव्हा 'तिलिस्म-ए-होशरुबा' उघडलं. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं १८८३ पासून ते छापायला घेतलं होतं. अमीर हमजाच्या दास्तानीचे त्या छापखान्याने काढलेले एकूण खंड सेहेचाळीस. त्यांतले मी मोजकेच वाचले, पण मला तेवढे पुरले. त्यातूनच 'नीलकोट' सुचलं. पहिला भाग 'काचेचा घोडा', दुसरा 'बिनसावलीचं शहर'. कृष्णाकाठच्या कुंभाराची मुलगी नूरी अय्यार होते आणि एका जादूगार बादशहाचा तिलिस्म फोडायला निघते. दुसरा भाग संपला तेव्हा नूरी शेवटच्या दरवाज्यापाशी उभी होती. तिला तिथं उभं करून मी तीन वर्षं काहीच लिहिलं नाही.

लिहिलं नाही, पण खाल्लं. लिहिणं आणि खाणं यांचं माझ्या घरात लग्न लागलेलं होतं. शाळा सुटल्यावर, शिकवण्या आटोपल्यावर रात्री दहाला मी टेबलाशी बसायचो. शेजारी चहाचा थर्मास, खारी, नानकटाई, कधी दुपारचा उरलेला जर्दा. वाक्य अडलं की हात बशीकडे जायचा. दिवसाला सहा कप चहा, कपाला दोन चमचे साखर. चमच्यात चार-पाच ग्रॅम धरा, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून. हे गणित मी फार उशिरा मांडलं. माझ्या गोष्टींतही दर तिसऱ्या प्रकरणात एक दावत असायची. वाचक त्या दावतींची तारीफ करायचे. मी कुठून लिहितोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वहीतली अक्षरं धुरकट दिसायला लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मिरज हे दवाखान्यांचं गाव, डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ आत पाहिलं. मग चष्म्याचं काही न बोलता विचारलं, "शुगर कधी तपासली होती?"

वजन ८८ किलो, उंची पाच फूट पाच इंच, कंबर १०६ सेंटिमीटर. एचबीए-वन-सी ९.८. ही तपासणी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी. तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत रक्तात किती साखर फिरली याची नोंद अंगावर बाळगतात. आकडा साडेसहाच्या वर गेला की मधुमेह म्हणतात. आदल्या दिवशी उपाशी राहून फसवावं, तर तेही जमत नाही. डोळ्याच्या पडद्यावर सुरुवातीचे डाग होते. डॉक्टर म्हणाले, "आत्ता घाबरण्यासारखं नाही. पण साखर अशीच राहिली तर वाचणं-लिहिणं अवघड होईल."

मला अब्बा आठवले. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली होती. दुखत नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नाही. मधुमेहात पायाची जाणीव मरते, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. आधी अंगठा गेला, मग घोटा, मग अब्बा. शेवटच्या महिन्यातही भेटायला येणारा प्रत्येक जण मिठाईचा पुडा घेऊन यायचा आणि आम्ही तो उघडायचो. मायेनंच उघडायचो.

त्या रात्री मी 'होशरुबा'चा खंड काढला. वाचायला नाही, नुसता हातात धरायला. आणि इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. त्या दास्तानीत अय्यार तलवारीनं फारसं जिंकत नाही. तो मिठाईत, फळात, शरबतात बेहोशीची दवा घालतो. शत्रू आनंदानं खातो आणि कोसळतो. उमर अय्यारचं खरं हत्यार दस्तरखान आहे. हे मी पन्नास वेळा वाचलं होतं आणि दरवेळी अय्यारच्या बाजूनं हसलो होतो. खाणाऱ्याच्या जागी स्वतःला कधी ठेवलं नव्हतं.

मग पथ्य सुरू झालं. आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी काही नवलाचं सांगितलं नाही. चहा बिनसाखरेचा, दिवसाला दोनच. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कच्ची काकडी-मुळा, पाव भाग डाळ, अंडं किंवा मासे-चिकन, उरलेल्या पाव भागात ज्वारीची एक भाकरी. आधी भाजी, मग डाळ, भाकरी शेवटी. रात्रीचं जेवण आठच्या आत. रोज पंचेचाळीस मिनिटं चालणं. मी म्हटलं, "बाई, माझे वडील तर बारीक होते. मीही चाळिशीपर्यंत किडकिडीत होतो." तेव्हा त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचं आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचं छायाचित्र छापलं होतं. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण भारतीय माणसं बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. म्हणूनच आपल्या पुरुषांच्या कमरेची हद्द नव्वद सेंटिमीटरलाच मानतात. एका अद्भुतकथाकाराला ही कल्पना आवडायला हवी होती. शरीराच्या आत दुसरंच शरीर! पण त्या दिवशी मला हसू आलं नाही.

मला वाटलं होतं, उपाशी राहणं मला जमेल. चाळीस वर्षं रोजे केलेला माणूस मी. मे महिन्याच्या उन्हातले रोजे केलेत, शाळेत तास घेत केलेत. पण पहिल्याच आठवड्यात कळलं की ही भूक वेगळी आहे. रोज्यात दुपारी तीनला जीव कासावीस होतो, तरी मन शांत असतं. कारण मगरिबची वेळ घड्याळात ठरलेली असते. अजान होणार, खजूर हातात येणार, सगळं घर एकाच वेळी तोंडात घास घेणार. शिवाय आपण एकटे नसतो, अख्खा मोहल्ला आपल्याबरोबर उपाशी असतो. परहेजाला मगरिब नाही. आज नानकटाई खाल्ली नाही म्हणून संध्याकाळी ती मिळणार नसते. उद्याही नाही. आणि आपण भाकरीचा चतकोर मोडत असताना सगळं घर पुलाव खात असतं. त्यात कुणाचा दोषही नसतो.

पहिल्या चार महिन्यांत वजन ८२ वर आलं. लिहिणं मात्र पार बंद झालं. थर्मास आणि बशी नसलेल्या टेबलाशी बसलो की हात रिकामे वाटायचे. अम्मीच्या गोष्टीत हातिम हरणाला वाचवण्यासाठी स्वतःच्या मांडीचं मांस कापून लांडग्याला देतो. मी बायकोला म्हणायचो, "मलाही बारा-चौदा किलो द्यायचे आहेत, लांडगा तेवढा मिळत नाही." ती म्हणायची, "वो भी शुगर के डर से नहीं लेगा."

२०२४ चा रमजान मार्चमध्ये आला. माझ्या गोळ्यांपैकी एक अशी होती, की पोट रिकामं असताना साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टर म्हणाले, या वर्षी रोजे नकोत. आजाऱ्याला कुरआननंच सवलत दिली आहे, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलो होतो. तरी पहाटे घरात सहेरीची भांडी वाजायची आणि मी पांघरुणात डोळे मिटून पडायचो. दुपारी स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून भाकरी खायचो, नात बघेल म्हणून. सहा वर्षांच्या नातीनं एक दिवस पाहिलंच. ती म्हणाली, "दादा, तुमचा पण माझ्यासारखा आधा रोजा है?" मी हो म्हटलं. त्या महिन्यातलं माझं सगळ्यात जड वाक्य ते.

मग घसरण झाली. जूनमध्ये बकरी ईद, जुलैमध्ये मोहरम. आमच्याकडे मोहरमला चोंगे होतात, शेजारच्या हिंदू घरांतूनही येतात. ते नाकारणं म्हणजे नुसता गोड पदार्थ नाकारणं नसतं, पिढ्यांचा शेजार नाकारणं असतं, अशी मी माझी समजूत घातली आणि सहा चोंगे खाल्ले. खरं तर एकात शेजार राखला गेला असता. उरलेले पाच माझे होते. ऑगस्टपर्यंत वजन ७९ वरून पुन्हा ८३ झालं. ग्लुकोमीटर कपाटात गेलं. तपासलं नाही की साखर वाढलेली नसते, असा तो हिशेब.

तिलिस्म फोडणाऱ्याजवळ एक लौह असते, म्हणजे पाटी. पुढे काय करायचं ते तिच्यावर उमटतं. पण सगळा रस्ता ती एकदम दाखवत नाही, फक्त पुढचं पाऊल दाखवते. आणि दास्तानीतला शहजादा फसतो तो नेहमी एकाच कारणानं: बाग सुंदर दिसते, मेजवानी मांडलेली असते आणि तो लौह पाहायला विसरतो. कपाटातलं ग्लुकोमीटर पुन्हा बाहेर काढताना मला हे आठवलं. सकाळी बोटातून रक्ताचा थेंब, पाटीवर आकडा. १६४. तर आजचं पाऊल एवढंच, भात नको. पुढच्या वर्षाचं आज ठरवायचं नाही.

त्याच आठवड्यात मी 'नीलकोट'ची वही उघडली. तिसऱ्या भागाचं अडलेलं प्रकरण समोर होतं. जादूगार बादशहाचा दस्तरखान. त्याचं मीठ जो खाईल तो आपल्या घराचा रस्ता विसरतो आणि जन्मभर त्याची चाकरी करतो. नूरीला त्या दस्तरखानावर रात्रभर बसायचं आहे, न खाता. आधीच्या खर्ड्यात मी तिला एक तावीज दिला होता, तो बांधला की भूक मरते. प्रकरण झटकन संपत होतं आणि तीन वर्षं मला खोटं वाटत होतं. का खोटं, ते आता समजलं. असा तावीज नसतो. भूक जात नाही. तिच्या शेजारी बसायला शिकावं लागतं. मी तावीज खोडला. नूरीला भुकेलीच बसवलं. तिला वास येतो, तिच्या तोंडाला पाणी सुटतं, बादशहा मायेनं घास पुढे करतो, "एक घासानं काय होतं?" म्हणतो. ती त्याला एक गोष्ट सांगते, मग दुसरी, आणि पहाटे उठून उभी राहते. हे प्रकरण मी अकरा रात्रींत लिहिलं. शेजारी पाण्याचा तांब्या होता.

२०२५ च्या रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे गेलो. सहा ते आठ आठवडे आधीच जावं म्हणतात, म्हणजे औषधांच्या वेळा बसवता येतात. त्यांनी ती गोळी बदलली. अट घातली: दिवसातून तीन-चारदा साखर तपासायची, सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा. सुई टोचल्यानं रोजा तुटत नाही, हे उलेमांनीही सांगून ठेवलं आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे माझ्या शब्दावर करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. मी तेवीस रोजे केले. बाकीचे सोडले, आणि त्या दिवशी दुपारी सगळ्यांसमोर बसून जेवलो. नातीला खरं सांगितलं. इफ्तारला एक खजूर, पाणी, भिजवलेले चणे, भजी नाही. ईदला शीरखुर्मा अर्धी वाटी घेतला, नऊ चमचे झाले. मी ते मोजत खाल्ले. इतका गोड शीरखुर्मा मी आयुष्यात खाल्ला नव्हता.

तर हिशेब असा. वजन ८८ वरून ७६. कंबर १०६ वरून ९५, म्हणजे अजून पाच सेंटिमीटर बाकी. एचबीए-वन-सी ९.८ वरून ६.७. डोळ्यांचे डाग वाढलेले नाहीत, डॉक्टर दर सहा महिन्यांनी बघतात. पुन्हा घसरणार नाही अशी हमी मी देत नाही, हमी देणारा पाटी बघणं सोडतो.

आणि पुस्तकांचा हिशेब. दिवाळीत एका अंकात 'उधारीची सावली' येते आहे. आपली सावली सावकाराकडे गहाण टाकणाऱ्या विणकराची ती गोष्ट. हिवाळ्यात मुलांसाठी सात गोष्टींचं पुस्तक निघेल. अम्मीच्या तोंडचे शब्द जसे होते तसे त्यात ठेवले आहेत. दखनी शब्द समजणार नाही म्हणून एकही बदललेला नाही. आणि 'नीलकोट'चा तिसरा भाग 'मिठाची किल्ली' उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी मुलांच्या हातात पडेल. दोन प्रकरणं बाकी आहेत. रोज दोन पानं लिहितो, जास्त लिहीत नाही. त्या पुस्तकात एकच दावत आहे, आणि तिथं नूरी जेवत नाही.

निकाहाच्या दिवशी मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "सुट्टीच्या आधी देतो." त्यानं विचारलं, "नूरी मरत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "पण तिला फार भूक लागते."

चाचा ऐकत होते. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला, माझ्या ताटाकडे एकदा पाहिलं आणि समोरची काकडीची बशी माझ्याकडे सरकवली.